खंडानं दिलेलं रान: पलूसकडच्या आमच्या शेताच्या नोंदी

9 जून 2024

आजपासून रानाचं जे काय होईल ते तारखेनिशी लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण आई गावात, भाऊ पुण्यात, मी सांगलीत आणि फोनवर बोललेलं प्रत्येकाच्या लक्षात वेगळंच राहतं. रान पलूस तालुक्यात, भिलवडीच्या अंगाला, कृष्णेपासून फार लांब नाही. 2 एकर 14 गुंठे, सातबाऱ्यावर 0 हेक्टर 95 आर. आमच्या वडिलांची, आबांची, तब्येत ढासळली तेव्हापासून गावातले तात्या ते करतात. खंड, म्हणजे रान कसायला दिल्याचं भाडं, वर्षाला 70 हजार, पाडव्याला द्यायचा, सगळी बोली तोंडी. गेल्या दोन वर्षांचे मिळून आले फक्त 40 हजार, म्हणजे लाखभर बाकी.

पैशाचं नंतर बघू, रान बघून जास्त वाईट वाटलं. चौथा खोडवा, म्हणजे तोडल्यावर त्याच बुडख्यांतून चौथ्यांदा फुटलेला ऊस, उभा आहे. आमच्याकडं दोन, फार तर तीन खोडवे ठेवतात, तेही नीट बुडखे छाटून, बगला फोडून, नांग्या, म्हणजे ऊस न उगवलेल्या मोकळ्या जागा, भरून. इथं यातलं काही नाही. पाच-पाच फुटाच्या नांग्या, मधे हराळी आणि लव्हाळा, बांधावर घाण बाभूळ. वरच्या अंगाला ऊस तरी आहे, खालच्या कोपऱ्यात वीसेक गुंठ्यात तर तोही नाही, नुसतं पांढरं फटक, वर मीठ फुटल्यासारखं, आणि पाय टाकला की वरची खपली मोडून आत चिखल.

खालच्या बांधाला आबांनी काढलेली चर होती, त्यातून जास्तीचं पाणी ओढ्याला जायचं. ती चर आता नाहीच. बुजवून तिथं दोन सऱ्या जास्तीच्या ओढल्यात. दोन सऱ्यांचा ऊस असा किती आला असेल, आणि त्यापायी वीस गुंठे गेले.

16 जून 2024

भाऊ पुण्याहून आला, तिघं बसलो. भावाचं म्हणणं, सरळ ट्रॅक्टर घालून नांगरून टाकू, आपलंच रान आहे. आईचं म्हणणं, तात्यांना दुखवायचं नाही. 2019 च्या महापुरात पाणी घरात शिरलं तेव्हा आबांना आणि तिला तात्यांनीच ट्रॉलीत बसवून वर काढलं, आमच्यातलं कुणी पोचू शकलं नव्हतं. ही गोष्ट खरी आहे आणि ती हिशेबात धरल्याशिवाय पुढं जायचं नाही हे मलाही पटतं. पण आईला मी एवढंच म्हटलं की उपकार तात्यांचे आपल्यावर आहेत, रानावर नाहीत, रानाला त्याची शिक्षा का.

आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, कूळ. भीती अशी की रान कसणारा कायद्यानं कूळ ठरला की जमिनीवर त्याचा हक्क लागतो. चुलता म्हणाला, कुठं काय लिहून देऊ नका, कूळ लागंल. शेजारी म्हणाले, कागद केला की संपलं. म्हणजे कागद नको, जास्त वर्षं नको, पावती नको. ठरलं एवढंच की आधी कागद बघायचे, मग वकील, मग तात्या. भाऊ नाराज होऊन गेला पण गेला.

24 जून 2024

सातबारा, आठ अ (खात्याचा उतारा), जुने फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) काढले. आबांच्या पश्चात वारस नोंद झालेली आहे, आई, भाऊ आणि मी अशी तीन नावं लागलीत, ते बरंय. इतर हक्कात कुळाचं नाव नाही, फक्त सोसायटीचा जुना बोजा, तो फिटलाय पण कमी केलेला नाही, त्याचा अर्ज तलाठ्यांकडं दिला. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर गाव नमुना बारामध्ये जमीन करणाऱ्याच्या रकान्यात दरवर्षी खुद्द असंच लिहिलंय. गावात जवळपास प्रत्येकाचं तसंच असतं, करतो दुसराच आणि कागदावर खुद्द.

मग नदीवरून पाणी आणणाऱ्या सहकारी संस्थेत गेले. थकीत पाणीपट्टी 23 हजार, आणि खातं आबांच्याच नावावर, म्हणजे ती आमच्याकडून वसूल होणार. तिथल्या क्लार्कनं एक गोष्ट सांगितली ती फार महत्त्वाची वाटली. पाणीपट्टी एकरावर आहे, पाण्याच्या मापावर नाही. त्यामुळं पाळी आली की रात्री व्हॉल्व्ह खोलायचा आणि घरी जाऊन झोपायचं, पाणी किती गेलं याचा कुणालाच हिशेब नाही. सकाळपर्यंत वरची सरी भरून खालच्या कोपऱ्यात तळं. वर्षानुवर्षं हे झालं आणि निचरा बंद झाला की जमिनीतला क्षार वर येणारच. कृष्णाकाठी पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांत हजारो एकर चांगली काळी रानं अशीच बसलीत. तात्या काही वेगळं करत नव्हते, पण म्हणून ते बरोबर होतं असं नाही.

3 जुलै 2024

सांगलीत वकिलांकडं. दोन तास बसले, प्रश्न लिहूनच नेले होते. हे सविस्तर लिहिते कारण घरात यावरच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

कायदा 1948 चा, महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, पूर्वी नावात मुंबई होतं. 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन, त्या दिवशी जमिनीवर असलेली कुळं मालक मानली गेली, आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गोष्टी त्या काळातल्या. आमचं प्रकरण तसलं नाही. पण भीती पूर्ण खोटीही नाही, कारण कलम 4 प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो, तो मालकाच्या घरचा नसेल, ताब्यातला गहाणदार नसेल आणि मालकाच्या देखरेखीखाली काम करणारा मजूर किंवा गडी नसेल तर. इथं वकिलांनी थांबून सांगितलं की गड्याचा पगार रोख किंवा धान्यात चालतो, पिकाच्या वाट्यात चालत नाही. म्हणजे आपल्याकडं जे ठामपणे सांगतात की खंडानं दिलं तर कूळ लागतं, निम्म्या वाट्यानं दिलं तर लागत नाही, ते चूक आहे. आमचा चुलता हेच सांगत होता.

कागद केला नाही म्हणून कूळ लागत नाही हेही तितकंसं खरं नाही. कूळ आहे की नाही हा वाद झाला तर तो कलम 70 ब खाली तहसीलदारांपुढं चालतो आणि तिथं साक्षी, पावत्या, पीकपाहणी सगळं बघतात. कागद नसला तर वाद टळत नाही, उलट काय ठरलं होतं ते आपल्यालाही सिद्ध करता येत नाही.

भावाच्या ट्रॅक्टरबद्दल विचारलं. वकील म्हणाले, अजिबात नको. 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम 6 असं आहे की कुणाला कायद्याचा मार्ग सोडून ताब्यातून काढलं तर तो सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हे बघतच नाहीत. शिवाय उभा ऊस तात्यांचा, तो नांगरला तर नुकसानभरपाई वेगळी.

आणि कूळ समजा असलं तरी तो कायमचा, असंही नाही. खंड त्या महसुली वर्षात 31 मेच्या आत दिला नाही, जमिनीचं कायमचं नुकसान होईल असं काही केलं, पोटकूळ घातलं म्हणजे परस्पर दुसऱ्याला कसायला दिलं, तर कलम 14 खाली तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन कुळवहिवाट संपवता येते. पण ते सगळं लांबचं काम, वर्षं जातात. त्यांचा सल्ला, ऊस तुटेपर्यंत थांबा, समजुतीनं घ्या, पण जे ठरेल ते लेखी करा.

बसमधून येताना एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. कुळाच्या भीतीनं मालक कुणाला रान एक सालापेक्षा जास्त देत नाही, लिहून देत नाही, मधेच माणूस बदलतो. मग ज्याला पुढच्या पाडव्याला रान आपल्याकडं असेल की नाही हेच माहीत नाही, तो त्यात शेणखत कशाला घालेल, चर कशाला उकरेल, पाचट (उसाचा वाळका पाला) कुजायची वाट कशाला बघेल. त्याला यंदाचा ऊस पाहिजे. तात्या निष्काळजी आहेत हे खरंय, मी ते कुठं लपवत नाही, पण या बोलीत काळजी घेणाऱ्याला काही मिळतच नाही.

14 जुलै 2024

तात्यांच्या घरी गेलो, आई आणि मी. मुद्दाम घरीच, रानात नको म्हटलं, रानात आवाज चढतो. काकींनी चहा केला. पहिला अर्धा तास पाऊस आणि गुडघे यावरच गेला.

मग मी विचारलं, "तात्या, खालची चर का मुजवली?"

"मुजवली न्हाय ताई, मुजली. गाळ आला का पुरात."

"आणि त्यावर सऱ्या?"

गप्प बसले. मग म्हणाले, "मोकळं ठिवून काय करायचं. खंड तर सगळ्या रानाचा द्यायचा."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं असं नाही, पण त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. पुढं ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते: "आबा हुते तवा शेणखत घाटलं, दोन साल घाटलं. मग आबा गेले. आता तुमी पोरं. यंदा मी हाय, फुडल्या साली तुमी दुसऱ्याला दिलं तर? आमचं खत त्येच्या उसाला."

आई म्हणाली, भावजी, तुम्हाला कुणी जा म्हटलं होतं का. ते म्हणाले, "न्हाय वैनी, पर ऱ्हावा बी कोण म्हटलं न्हाय."

तिथं आई गप्प झाली.

मी खंडाच्या बाकीचा विषय काढला. तात्यांनी नाकारलं नाही, हे त्यांचं मोठेपण. मुलीचं बाळंतपण, दवाखाना, थोरल्याची नोकरी गेली, सगळं सांगितलं. मी एवढंच म्हटलं की बाकी किती ते आज वहीत लिहू, दोघांनी सही करू, कधी द्यायची ते ऊस तुटल्यावर बघू. सही केली. लाख रुपये बाकी. आणि रान पुढच्या पाडव्याला आम्ही परत घेणार हेही मी तिथंच तोंडावर सांगितलं, मागून कळण्यापेक्षा. धाकटा मुलगा दारात उभा राहून ऐकत होता, तो मधेच म्हणाला, "उसाचं काय?" ऊस तुमचा, तुम्हीच तोडून न्या, म्हटलं. तो आत गेला.

28 जुलै 2024

कृष्णा फुगलीय. सगळ्यांच्या फोनवर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे फूट, इशारा पातळी 40, धोका 45. नदीचं पाणी रानापर्यंत आलं नाही पण पावसाचंच पाणी खालच्या कोपऱ्यात ढोपरभर साचलंय, जायला वाट नाही. शेजाऱ्याच्या बांधालगतही पाझर दिसतोय, म्हणजे हे फक्त आपल्यापुरतं नाही. फोटो काढून तारीख टाकून ठेवले.

18 ऑगस्ट 2024

ई-पीक पाहणी केली. आईच्या खात्यावरून, तिच्या मोबाईलवर. गटात उभं राहूनच फोटो घ्यावा लागतो, लोकेशन लागतं. 2021 पासून ही नोंद खातेदारानंच करायची आहे, आमच्याकडं मात्र आजवर कुणी केलेलीच नव्हती. पीक ऊस खोडवा, आणि वीस गुंठे पडीक. पडीक लिहिताना आईला कसंतरी झालं, म्हणाली ऊसच लिही की सगळा. मी जे आहे तेच लिहिलं. तात्यांना आधी फोन करून सांगितलं होतं, ते रानात आले होते, काही बोलले नाहीत.

22 सप्टेंबर 2024

मोजणी झाली. भूमी अभिलेखचे भूकरमापक आले, शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या होत्या, दोघं आले एक नाही आला. पूर्वेचा बांध दोन्हीकडून नांगरून नांगरून दीड गुंठा आत सरकलाय. शेजारी समजूतदार आहे, खुणा मान्य केल्या, क प्रत (मोजणीचा नकाशा) मिळाली की दगड रोवायचे. त्याच्याशीच चरीचं बोलून घेतलं, चर ओढ्यापर्यंत न्यायची तर शेवटचा थोडा भाग त्याच्या बांधावरून जातो. त्याचंही खालचं रान पाझरतंय त्यामुळं तो लगेच हो म्हणाला, जेसीबीचं निम्मं भाडं देतो म्हणाला.

17 नोव्हेंबर 2024

तात्यांशी लेखी यादी, म्हणजे समजुतीचा कागद, झाला. गावातले दोन जाणते आणि वकिलांनी दिलेला मसुदा. त्यात असं: उभा खोडवा तात्यांचा, तोडून नेईपर्यंत रानात जायला-यायला कुणी अडवायचं नाही. पाचट पेटवायचं नाही. ऊस बिलातून पाणीपट्टी आधी. बाकी लाखापैकी 60 हजार द्यायचे, 40 आई सोडणार. पाडव्याला, 30 मार्चला, ताबा.

40 हजार सोडण्यावरून भावाचा आणि माझा फोनवर बराच वाद झाला. तो म्हणतो हक्काचे पैसे. मला आईचं बरोबर वाटतं, पुरात केलेल्या कामाची किंमत कुणी लावत नाही पण निदान आठवण ठेवतो हे तात्यांना दिसलं पाहिजे. शेवटी तो म्हणाला आई म्हणेल तसं.

धाकटा मुलगा सही करताना म्हणाला, मला करायचं होतं हे रान. एवढंच. सगळे गप्प.

19 जानेवारी 2025

ऊस तुटला. या हंगामात कारखाने 15 नोव्हेंबरला सुरू झाले तरी आमच्या गटाला तोड येईपर्यंत जानेवारी उजाडला, तोडणीची टोळी बीडकडची. टनेज 41, सगळ्या रानात मिळून. आडसाली (सुमारे दीड वर्षाच्या उसाच्या) लागणीला आमच्याच या रानात आबांच्या काळात एकरी 50 च्या वर गेलेलं आहे, आणि आता एकरी 17-18. यंदाची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनाला 3400, त्यातून तोडणी वाहतूक जाऊन जे राहील ते. म्हणजे तात्यांच्या हातात पाणीपट्टी आणि 60 हजार जाऊन फार काही उरत नाही. हे बघितल्यावर खंड का थकला तेही कळतं. रान बिघडलं की आधी करणाऱ्याचं पोट जातं, मग मालकाचा खंड.

संध्याकाळी फोन आला की पाचट पेटवायला माणूस काडी घेऊन उभा आहे. टोळीवाल्यांनीच सांगितलं असणार, किंवा सवयीनं. आई एकटी चालत गेली आणि बांधावर उभी राहिली. पेटवलं नाही. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, ते दरवर्षी धुरात जात होतं, आणि आमच्या रिपोर्टात सेंद्रिय कर्ब कमी येणार हे मला रिपोर्ट न बघताच माहीत आहे.

9 फेब्रुवारी 2025

बिल 14 दिवसांत यायला पाहिजे असा नियम आहे, 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातला. थोडं पुढं गेलं, पण आलं. पाणीपट्टी कापून घेतली, संस्थेची पावती माझ्याकडं. तात्या स्वतः घरी येऊन 60 हजार देऊन गेले. आईनं पावती लिहून दिली, त्यांनी वाचून खिशात ठेवली. इतक्या वर्षांत त्यांना मिळालेली ही पहिली पावती.

30 मार्च 2025, पाडवा

ताबा मिळाला. पंचनामा गावातच केला, त्याआधीच्या आठवड्यात पलूसला तहसीलमध्ये तात्यांचा लेखी जबाब झाला होता. वकिलांचं म्हणणं, नुसत्या स्टॅम्पपेपरवर थांबू नका, कलम 15 प्रमाणे कुळानं जमीन सोडायची तर ती लेखी सोडावी लागते आणि तहसीलदारांनी खातरजमा करावी लागते. तात्या कूळ आहेत असं ना ते म्हणतात ना आम्ही, पण उद्या त्यांच्या किंवा आमच्या पोरांपैकी कुणी वाद काढला तर हा कागद दोघांच्या कामाला येईल. तात्या वैतागले थोडे, एवढं कशाला म्हणाले, पण आले. दोन्ही घरांना प्रती दिल्या.

आईनं तात्यांच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या आणि काकींनी डबा रिकामा परत पाठवला नाही. याचं मला बरं वाटलं.

13 एप्रिल 2025

माती परीक्षणाचे नमुने. वरचं आणि खालचं वेगळं, एकत्र केलं तर रिपोर्टला अर्थच नाही. वरच्यात नागमोडी चालत जागोजागी व्ही आकाराचे खड्डे, वीस सेंटिमीटरपर्यंतची माती, घमेल्यात मिसळून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळची, झाडाखालची, जुन्या उकिरड्याची माती घेतली नाही. खालच्या कोपऱ्यात थरानं घेतली, एक फूट, दोन फूट, तीन फूट.

तात्यांचा धाकटा मुलगा वाटेनं जात होता, थांबला, आणि मग खालचे खड्डे त्यानंच घेतले, माझ्याच्यानं तीन फूट होत नव्हतं. जाताना म्हणाला, ताई रिपोर्ट आला की मला बी दावा.

4 मे 2025

रिपोर्ट. वरचं: सामू (pH) 7.9, क्षारता 0.6, सेंद्रिय कर्ब 0.44. कर्ब कमी पण रान जिवंत आहे. खालचं: सामू 8.8, क्षारता 2.6, विनिमययोग्य सोडियम 18 टक्के.

गावात सगळ्यालाच चोपण म्हणतात पण प्रकार वेगळे असतात आणि उपाय वेगळे. सामू साडेआठच्या आत आणि क्षारता 4 च्या वर असेल तर ती क्षारयुक्त, तिला निचरा करून गोड पाण्यानं धुतलं की बरंच काम होतं. आमचं उलट आहे, सामू साडेआठच्या वर आणि सोडियम 15 टक्क्यांच्या वर, म्हणजे खरी चोपण, इथं मातीचे कण सोडियमनं विस्कटलेले असतात आणि पाणी आत मुरतच नाही. त्याला जिप्सम लागतं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. पण खाली जायला वाट पाहिजे. चर नसताना जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं, दुकानदार मात्र पोत्यांचा हिशेब आधी सांगतो. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात रिपोर्ट दाखवला, तिथंही हाच क्रम सांगितला, आधी निचरा, मग जिप्सम, मग धैंचा (जमिनीत गाडायचं हिरवळीचं पीक), मग ऊस. पुढं जमलं तर जमिनीखालून सच्छिद्र पाइप, तो खर्च आत्ता झेपणारा नाही, आणि शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून केला तरच खरा उपयोग.

धाकट्याला रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यानं रात्री फोन करून अर्धा तास प्रश्न विचारले.

18 मे 2025

चर झाली. जेसीबीनं चार फूट खोल, उतार ओढ्याकडं. काढताना जुन्या चरीची दगडी कड लागली, आबांनी रचलेली. शेजाऱ्यानं निम्मं भाडं दिलं. दोन दिवसांतच चरीच्या बाजूंमधून पाणी झिरपायला लागलं, मे महिन्यात, वर ऊसही नसताना.

वरच्या रानात पाचटाची कुट्टी करून नांगरट आधीच झालीय.

1 जून 2025

मे अखेरीच्या पावसानं सगळं वेळापत्रक मोडलं. 26 मेच्या सुमारास मान्सूनच राज्यात आला, गावातली म्हातारी माणसं म्हणतात असं कधी बघितलं नाही. जिप्सम पसरायचं राहिलंय, पोती पत्र्याखाली. पण चर वाहतेय. गेल्या जुलैत जिथं ढोपरभर पाणी होतं तिथं यंदा पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी चालता येत होतं.

15 जून 2025

घात (मशागतीजोगी ओल) मिळाली तशी जिप्समची निम्मी मात्रा पसरून वरच्या थरात मिसळली, वर धैंचा पेरला. धैंचा क्षार सोसतो, फुलावर यायच्या सुमारास, दीड महिन्यानं गाडायचा. वरच्या रानात ताग.

पुढं कोण करणार हा प्रश्न आज मिटवला. रान खंडानंही द्यायचं नाही आणि वाट्यानंही नाही. आपणच करायचं, आई गावात आहे, देखरेख तिची, खरेदी आणि हिशेब माझा, भाऊ दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकणार. आणि कामाला तात्यांचा धाकटा मुलगा, महिना पगारावर, रोख, बँकेत, वाटा नाही. वकिलांनी सांगितलेल्या कलम 4 मधलं गड्याचं जे आहे त्यात हे नीट बसतं. शिवाय एक जास्तीची गोष्ट मी घातलीय: तीन वर्षांनी खालच्या कोपऱ्याची माती पुन्हा तपासायची, सामू साडेआठच्या खाली आणि सोडियम 15 टक्क्यांच्या खाली आला तर त्याला ठरलेली रोख रक्कम बक्षीस, पीक कसंही येवो. पिकावर नाही, मातीवर. भावाला हे फार पटलं, आश्चर्यच वाटलं मला.

तात्या आले होते. मुलाच्या पगाराचा आकडा ऐकून म्हणाले बरा हाय. मग चरीजवळ जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडून सांगितलं की वरच्या तोंडाला जाळी बसवा, न्हायतर पाचट जाऊन तुंबल. बरोबर आहे ते. जाळी आणि दोन पोती सिमेंट उद्या पलूसहून आणायचं.

वरच्या दीड एकरात आडसाली लागण जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात, ताग गाडून, पाच फुटी सरी, ठिबकवर. बेणं 265 जातीचं, मळ्यातून, खोडव्याचं नाही. ठिबकच्या अर्जाला सातबारा, आठ अ आणि तिघांच्या सह्या लागतील, भाऊ 28 ला येतोय तेव्हा करून घ्यायचं. जिप्समची उरलेली मात्रा धैंचा गाडताना.